रंगराव अण्णा आणि तिरके पडदे

गिटारच्या दुकानात शिरल्या शिरल्या रंगराव अण्णा आधी पंखा बंद करायला लावतात. मग एसी. मग दुकानदाराचा मोबाइल. बाहेरून रिक्षा जात असली तर ती पार पुढच्या चौकात वळेपर्यंत हात वर करून सगळ्यांना थोपवून धरतात. दुकान चिडीचूप झालं की भिंतीवरच्या सगळ्यात महाग गिटारकडे बोट करून म्हणतात, "आता ती काढा. तिरक्या पडद्यांची."

मला संगीतातलं काडीचंही कळत नाही. मी सांगलीत विश्रामबागेतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि अण्णा आमच्या शेजारी राहतात, एवढाच माझा गुन्हा. पण गेली दोन वर्षं त्यांच्या मागे हिंडून मलाही थोडं शहाणपण आलंय. साध्या गिटारच्या मानेवर ज्या धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्या एकमेकींना समांतर असतात. सतारीच्या कारागिरांकडे मिरजेत उठबस असल्यामुळे अण्णा त्यांना पडदे म्हणतात. काही महागड्या गिटारवर मात्र हे पडदे हातपंख्याच्या काड्यांसारखे पसरलेले असतात, म्हणजे एक डावीकडे कललेला, एक सरळ, एक उजवीकडे. त्यामुळे जाड तारेला लांबी जास्त मिळते आणि बारीक तारेला कमी. असं का, हे मी एकदा विचारलं होतं.

"सोपं हाय, मॅडम," अण्णा म्हणाले. "घरातल्या समद्यास्नी एकाच मापाची चड्डी शिवली तर कुणाला तरी काचणारच की!"

आता कुणालाही वाटेल, अण्णा मोठे वादक असतील. अण्णांना गिटार अजिबात वाजवता येत नाही. ते गिटार आडवी मांडीवर घेतात, भोकाला नाक लावून आतल्या लाकडाचा वास घेतात, पाठीवर बोटाच्या पेराने दोनदा ठोकतात आणि सुरू करतात. पहिली तार, पहिला पडदा. टंग. तो सूर उठतो, दुकानभर पसरतो, काचेच्या दारापर्यंत जातो आणि विरतो. तो पुरता विरल्याशिवाय अण्णा पुढच्या पडद्यावर बोट ठेवत नाहीत. असे वीस पडदे आणि सहा तारा. एकही गाळायचा नाही.

दुपारची वेळ, बंद पंखा, नव्या लाकडाचा वास आणि अर्ध्या मिनिटाने एकेक सूर. चाळीसएक सुरांनंतर माझं डोकं जागेवर राहत नाही. मला आमच्या पाटणच्या घराचं मागचं अंगण दिसायला लागतं, कोयनेकडून वर येणारं धुकं, दोरीवर वाळत घातलेलं आईचं लुगडं. साठाव्या सुराला मी पाचवीत असते. दुकानदाराचंही तेच होत असावं. एकदा तो काउंटरवर कोपर टेकून उभा होता, डोळे उघडे होते, पण गिऱ्हाईक येऊन पैसे पुढे करून उभं राहिलं तरी याचा पत्ता नाही. शेवटी अण्णांनीच त्याला हलवून जागं केलं आणि निकाल सांगितला.

"दाणा धरला न्हाई."

हा त्यांचा ठरलेला निकाल. अण्णा उभी हयात साखर कारखान्यात पॅनमन होते. उसाचा आटवलेला रस मोठ्या बंद भांड्यात उकळत असतो, त्यात साखरेचा दाणा कधी धरतोय हे ओळखायचं आणि नेमक्या क्षणी भांडं रिकामं करायला सांगायचं, हे पॅनमनचं काम. थोडी घाई झाली की साखर बारीक, थोडा उशीर झाला की सगळा घट्ट गोळा. काचेच्या पट्टीवर नमुना घेऊन तो उजेडात धरायचा असतो. पण अण्णा म्हणतात, पट्टी नवशिक्यांसाठी. ते नुसते भांड्याच्या पत्र्याला कान लावायचे. उकळीचा आवाज बदलला की हात वर करायचे. त्यांच्या हातावर कारखान्याचा इतका विश्वास की साहेबसुद्धा त्यांच्याकडे बघून मगच सही करत.

त्याच कानाने त्यांनी सांगलीतल्या तिरक्या पडद्यांच्या गिटार निकालात काढल्या. आमच्या भागात हाडांचे एक डॉक्टर आहेत. त्यांनी परदेशातून तसली एक आणून केबिनमध्ये टांगलीय, असं अण्णांना कुठूनसं कळलं. अण्णा गुडघा दाखवायचा म्हणून नंबर लावून आत गेले ते तासभर बाहेर आलेच नाहीत. बाहेर प्लास्टर घातलेली माणसं खोळंबली होती आणि आतून टंग, टंग चाललं होतं. डॉक्टर भला माणूस. शेवटी त्यांनी विचारलं, "काका, गुडघ्याचं काय?"

"गुडघा बरा हाय," अण्णा म्हणाले. "तुमच्या गिटारची मान वाकलीया. वेळीच बघून घ्या."

हे हसण्यावारी नेण्यासारखंच आहे आणि कॉलनीत सगळे हसतातही. पण हा नाद लागला कसा, हे मला ठाऊक असल्यामुळे मला पूर्ण हसता येत नाही.

अण्णांना एकुलता एक मुलगा, अभिजित. डिप्लोमा झाल्यावर अण्णांनी खटपट करून त्याला कारखान्यात चिकटवला. तीन हंगाम त्याने काढले आणि एक दिवस जेवता जेवता सांगितलं की मी नोकरी सोडतोय, बंगळूरला गिटार बनवायला शिकणार आहे. वाजवायला असतं तर अण्णांनी एखादेवेळी समजूनही घेतलं असतं. बनवायला! अण्णांचा हात ताटातच थांबला. ते बायकोला म्हणाले, "त्येला म्हणावं, साखर सोडून लाकूड चघळायला निघालाय." त्या दिवसापासून ते मुलाशी बोललेले नाहीत.

म्हणजे बोलणं होतं, पण वळणावळणाने. आमच्याकडच्या घरांत हा प्रकार चांगला मुरलेला आहे. दोन पुरुष एकाच खोलीत समोरासमोर बसतात, एकमेकांचा शब्द न् शब्द ऐकतात आणि तिसऱ्याच्या तोंडून बोलतात. अभिजित सुट्टीला आला की अण्णा म्हणत, "त्येला सांग, भात घे." अभिजित म्हणे, "आई, त्यांना सांग, घेतलाय." शालनकाकी मध्ये बसून दोघांकडचं दोघांना पोचवायच्या. पोचवताना त्या त्यात आपल्या पदरचं घालायच्या. अण्णा म्हणाले की "म्हणावं, वाळलायस", तर काकी सांगायच्या, "अण्णा म्हणतात, तब्येतीला जप रं बाळा."

तीन वर्षांपूर्वी शालनकाकी गेल्या. तेरा दिवस घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, त्यामुळे बापलेकांचं अडलं नाही. कुणीतरी मध्ये असायचंच. चौदाव्या दिवशी शेवटची आत्या फलटणच्या गाडीत बसून गेली आणि घरात दोघेच उरले. मी संध्याकाळी डबा द्यायला गेले तर एक कॉटवर, एक खुर्चीत. दोघांनाही भूक लागली होती, दोघांच्याही चेहऱ्यावर दिसत होतं, आणि 'जेवायला बस' म्हणायला घरात माणूस नव्हतं. मी म्हटलं, "अण्णा, अभिजित, चला, वाढते." दोघे असे पटकन उठले की मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी अभिजित गेला. त्याने साताऱ्यात गोडोलीला पत्र्याची शेड भाड्याने घेऊन स्वतःचं काम सुरू केलं होतं.

त्यानंतर चार-सहा महिन्यांनी मी अण्णांना माझ्या फोनवर अभिजितने टाकलेला फोटो दाखवला. अर्धवट झालेली गिटार होती. अण्णांनी चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ धरला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"पडदे तिरकं बसल्यात," ते हळूच म्हणाले. "मॅडम, पोरानं समदं बिघडवून ठेवलंय."

माल बिघडला म्हणजे काय होतं, हे त्यांनी कारखान्यात उघड्या डोळ्यांनी पाहिलेलं. त्यांनी दोन दिवस घासभर खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी मीच त्यांना घेऊन बाजारपेठेतल्या दुकानात गेले. दुकानदाराने फोटो बघितला, हसला आणि मागच्या भिंतीवरची परदेशी गिटार काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. तिचे पडदे तसेच तिरके. अण्णा बराच वेळ त्या पडद्यांवरून बोट फिरवत बसले. "म्हंजे हे मुद्दाम असतंय?" त्यांनी चारदा विचारलं. दुकानदार चारदा हो म्हणाला. मग अण्णांनी पहिल्यांदा पंखा बंद करायला लावला.

तेव्हापासून शालनकाकींची जागा मला मिळाली. अण्णा गिटार तपासून आले की आमच्या पायरीवर बसतात आणि मला मजकूर सांगतात. "लिवा, मॅडम. जाड तार घुमती, पर मधल्या दोन बसक्या. लाकूड आतनं लय जाड ठेवलंय. हे त्या साताऱ्याच्या पोराला कळवा." साताऱ्याचा पोर! जणू माझाच कुणी लांबचा भाचा. मी लिहून पाठवते. तिकडून उत्तर येतं, 'मॅडम, तुमच्या शेजाऱ्यांना सांगा, आतली पट्टी तासून बघितली. फरक पडला.' मी ते वाचून दाखवते. अण्णा दुसरीकडे बघत म्हणतात, "मला कशाला सांगताय? मला काय करायचंय?" आणि थोड्या वेळाने, "किती तासली म्हणतोय?"

मीही मग काकींसारखं पदरचं घालायला लागले. अण्णांच्या मजकुराखाली 'तब्येतीला जप' लिहायचे. पकडली गेले नाही कधी. किंवा दोघांनाही कळत असेल आणि हवं असेल.

गेल्या महिन्यात अभिजितचा निरोप आला. पुण्याच्या एका वादकाने सांगून करून घेतलेली त्याची पहिली मोठी गिटार पूर्ण झाली होती. तो वादक तिच्यावर खूश झाला तर पुढचं काम मिळणार होतं, नाहीतर शेड सोडावी लागली असती. निरोपाच्या शेवटी होतं, 'गुरुवारी ती जाईल. कुणाला बघायची असेल तर बुधवारपर्यंत.'

"कुणाला म्हंजे कुणाला?" अण्णांनी विचारलं.

"मलाच म्हणत असेल," मी म्हटलं.

बुधवारी अण्णांचा गुडघा दुखत होता. दिवसभर गुडघा चोळत बसले. गुरुवारी सकाळी सातला मी दार उघडलं तर अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या गाडीला टेकून उभे. हातात डबा. "तुमाला कॉलेजला सुट्टी हाय न्हवं?" सुट्टी नव्हती. मी टाकली.

वाटेत दोन्हीकडे ऊस होता, तुऱ्यावर आलेला, आणि त्यावर कोवळं ऊन. कराड गेलं, उंब्रज गेलं. डबा मांडीवरून हलला नाही. तीन भाकऱ्या जास्त आहेत हे झाकण न उघडता कळत होतं.

शेडमध्ये पोचलो तर पुण्याचा वादक आमच्या आधीच येऊन बसलेला. तिशीतला, केस मागे बांधलेले, बोलायला गोड. अभिजितने आम्हाला पाहिलं आणि त्याच्या हातातलं फडकं खाली पडलं. त्याने खुर्ची पुढे ओढली, तीही अण्णांच्या अगदी गुडघ्यापाशी, आणि मला म्हणाला, "मॅडम, त्यांना बसायला सांगा."

"त्येला म्हणावं, बसलोय," अण्णा म्हणाले.

पुण्याच्या वादकाने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. आम्ही कोण, कुणाचे, त्याला काही उमजेना. गिटार टेबलावर मऊ कापडावर ठेवलेली होती. पत्र्याच्या फटीतून आलेल्या उन्हात लाकडाचा भुसा तरंगत होता आणि त्या पडद्यांवर उजेडाच्या रेघा पडल्या होत्या. मला त्यातलं कळत नाही, पण इतकी देखणी वस्तू मी जवळून पाहिली नव्हती.

"काका, तुम्ही पण वाजवता?" त्या वादकाने विचारलं.

"न्हाई. ऐकतो."

"मग ऐका ना," म्हणून त्याने गिटार उचलून अण्णांच्या मांडीवर दिली. अभिजितने न सांगता पंखा बंद केला.

अण्णांनी वास घेतला. पाठीवर ठोकलं. मग सुरू केलं. शेडमध्ये आम्ही चौघे, आणि एकेक सूर उठून पत्र्याखाली रेंगाळायचा, अजिंक्यताऱ्याकडून येणारा वारा दारातून आत यायचा आणि त्याला कुठेतरी घेऊन जायचा. वादक आधी घड्याळ बघत होता. मग त्याने भिंतीला डोकं टेकलं. मीसुद्धा पाटणच्या वाटेला लागले होते. मला शालनकाकी दिसत होत्या, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेल्या, एकदा इकडे मान, एकदा तिकडे. पाच तारा झाल्या. सहावी, सगळ्यात जाड तार आली. पाचवा पडदा, सहावा, सातवा, आठवा.

आठव्यावर अण्णा थांबले. तोच सूर परत वाजवला. मान कलती करून परत एकदा. मला काहीही वेगळं ऐकू आलं नाही. पण अभिजितकडे पाहिलं तर त्याच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं. अण्णांनी उरलेले पडदे वाजवले आणि हात तारांवर सपाट ठेवला.

"मस्त आहे ना, काका?" वादक डोळे उघडत म्हणाला. "मी सकाळपासून वाजवतोय. मला तर काहीच खोट सापडली नाही."

माझा जीव मुठीत. मी अण्णांना ओळखते. हा माणूस हाडांच्या डॉक्टरला तोंडावर सांगून आलाय. इथे तोंड उघडलं तर गिऱ्हाईक उठून जाईल, पोराची शेड जाईल, आणि बापाने येऊन घालवली हे तो जन्मभर विसरणार नाही. आणि मस्त आहे म्हणाले, तर ते अण्णा नव्हेत. मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, आज एकदा खोटं बोलू दे याला.

अण्णा माझ्याकडे वळले. "मॅडम, त्येला सांगा..."

मी तयारच होते. काहीही म्हणाले तरी मी त्यात पदरचं घालून ते मऊ करणार होते, काकींनी केलं असतं तसं. पण अण्णा पुढे बोलेनात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गिटारकडे पाहिलं. मग त्यांनी खुर्चीतल्या खुर्चीत अंग वळवलं.

"अभ्या," ते म्हणाले. "जाड तारंखाली नववा पडदा केसभर वर आलाय रं. आठव्यावर दाबलं की तार तितं घासतीया."

अभिजितने सवयीने माझ्याकडे पाहिलं, मग थेट त्यांच्याकडे. "कुठं?"

"हितं. हात आण."

अभिजित येऊन त्यांच्यासमोर उकिडवा बसला. अण्णांनी त्याचं बोट धरलं आणि त्या पडद्यावर आडवं फिरवलं, लहान पोराला अक्षर गिरवायला लावतात तसं. "लागलं?"

"न्हाई."

"डोळं मीट. परत. आता?"

"व्हय," अभिजित म्हणाला. "लागलं, अण्णा."

मग तो उठून सरळ त्या वादकासमोर जाऊन उभा राहिला. "सर, खोट आहे. मला दोन तास द्या. नको असेल तर नाही घेतली तरी चालेल, पण अशी मी देणार नाही." वादकाने अण्णांना विचारलं, "काका, तुम्हाला हे नुसतं ऐकून कळलं?" अण्णा शर्टाच्या बाह्या दुमडत होते. वादकाने घड्याळ काढून खिशात टाकलं आणि म्हणाला, दोन नाही, चार तास घ्या.

त्यानंतर मला कुणी विचारलं नाही. तारा सैल झाल्या, कानस निघाली, दोन डोकी गिटारवर एकमेकांना लागतील इतकी वाकली. "हळू. लय घासू नगंस." "न्हाई घासत." "आरं, हात हलका ठेव की!" "अण्णा, उजेड अडवू नका." तीन वर्षांचं, नव्हे त्याच्या आधीपासूनचं सगळं साचलेलं बोलणं, आणि ते निघालं ते सगळं एका पडद्यावर. मी डबा उघडून वादकाला भाकरी वाढली. त्याला शेंगदाण्याची चटणी फार आवडली.

चारच्या सुमाराला वादक गिटार घेऊन गेला. जाताना त्याने अभिजितला मिठी मारली आणि दुसऱ्या गिटारचं माप सांगून गेला. मी पर्स उचलली. "अण्णा, निघायचं?"

"तुमी व्हा म्होरं," अण्णा भिंतीवर टांगलेल्या एका अर्धवट गिटारकडे बघत म्हणाले. "हिचंबी पडदे बघायचं हायत. मी ऱ्हातो हितं दोन दिस."

त्यांनी कपडे आणले नव्हते, गोळ्या आणल्या नव्हत्या. मी गाडीची किल्ली काढली. खरं सांगायचं तर मला थोडं वाईटही वाटलं. दोन वर्षं दोघांच्या मध्ये बसायची सवय झाली होती.

एकटीच निघाले. कराडच्या अलीकडे फोन वाजला म्हणून गाडी बाजूला घेतली. अभिजितचा निरोप होता. 'मॅडम, अण्णांना आता चहात साखर चालते का?'

दोघे एका शेडमध्ये, चार हातांच्या अंतरावर. मला हसू आलं आणि डोळेही भरले. चालते की नाही, किती चमचे, सगळं मला पाठ होतं. मी लिहिलं, 'त्यांनाच विचार.'

मग तिथेच बसून राहिले. उसाचे ट्रॅक्टर एकामागून एक गेले, ऊन उतरलं. बराच वेळ उत्तर आलं नाही, आणि ते येत नाहीये याचा मला इतका आनंद होत होता की गाडी सुरू करायचंच सुचेना.